घोड्यांवरचा तक्ता

आमच्या भावोजींनी आयुष्यात कुणावर आवाज चढवला नाही, कुणाचं वाईट चिंतलं नाही, माझ्या बहिणीला कधी ‘तुला काय कळतंय’ असं म्हणाले नाहीत. आणि तरीही त्यांच्याविषयी बोलायला लागले की माझं डोकं तापतं. तापतं आणि मागोमाग डोळ्यांत पाणी येतं, हा आणखी वैताग. म्हणून एकदाचं सगळं सांगून टाकते.

भावोजी लिफ्ट तपासायचे. सरकारी नोकरी. उंच उंच इमारतींत जायचं, लिफ्टचे दोर, ब्रेक, दारं बघायची आणि सगळं ठाकठीक असेल तर सही करायची. घाईत त्यांनी कधी सही केली नाही, असं त्यांच्या ऑफिसातले लोक सांगत. काहीजण कौतुकानं सांगत, बाकीचे दातओठ खाऊन. इमारतीचा मालक हात जोडून उभा आहे, वरच्या मजल्यावरचे म्हातारे खाली अडकून पडलेत, आणि हे आपले लिफ्टच्या खड्ड्यात उतरून ओळंबा धरून बसलेत, पट्ट्या सरळ आहेत की नाहीत ते बघत! जरा कुठे कललेलं दिसलं की “नापास.” पुन्हा खालून वर तपासणी सुरू. “आधी बूड बघा, मग वरचं बोला,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आमच्याकडे जेवायला आले तरी खुर्ची आधी हातानं हलवून बघत, मग बसत.

अशा माणसाची चेष्टा करायला मेहुणीला काय लागतं? मी तोंडावर विचारायचे, “भावोजी, ताईशी लग्न ठरवताना तिलाही असंच हलवून बघितलं होतंत का?” ते गालातल्या गालात हसायचे. “गरज पडली नाही. ती बघताक्षणी पास.” ताई आतून ओरडायची, “दोघांना काही कामधंदा नाही का?” 

ताईला मात्र कामधंदा भरपूर होता. तिचा शिवणक्लास होता. घराला लागून, रस्त्याच्या बाजूला एक मोठी खोली, पुढे शटर. बांधणाऱ्यानं गाडीसाठी बांधलेली, पण गाडी यांच्याकडे कधी आलीच नाही, तेव्हा खोली ताईनं बळकावली. सकाळभर तिथे मुली-बायका यायच्या. शर्ट, फ्रॉक, पडदे, उशांचे अभ्रे. ताईची कात्री कापडातून जायची तेव्हा बाकीच्यांचं बोलणं आपोआप थांबायचं, असा हात होता तिचा. कापायचं मात्र जमिनीवर. कापड फरशीवर पसरायचं आणि गुडघ्यावर रांगत रांगत कापायचं. तरुणपणी ते चाललं.

भावोजी रिटायर झाले आणि घरात एक वेगळंच संकट आलं. म्हणजे भांडण नाही, आजारपण नाही. माणूस नुसता बसून राहायला लागला. खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे आणि वर पंख्याकडे बघायचे. ताईनं विचारलं की सांगायचे, “डोलतोय किंचित.” पेपर हातात, पण पान उलटायचं नाही. जेवण झालं की परत तिथेच. ताई मला फोनवर म्हणाली, “मला भीती वाटते गं. हे बोलतच नाहीत.” आमची ताई भीती वाटते असं म्हणणाऱ्यातली नव्हे, म्हणून मलाही धस्स झालं.

त्यातून त्यांना बाहेर काढलं ते क्लासमधल्या एका स्टुलानं. एक मुलगी त्यावरून आपटता आपटता वाचली. भावोजी उठले, स्टूल उलटं केलं, पाय बघितले आणि गल्लीच्या टोकाच्या सुताराकडे गेले. सुतारानं लाकडाचा तुकडा दिला, सरस दिला, वर फुकटचा सल्ला दिला. संध्याकाळी स्टूल दुरुस्त. ताई सांगते की त्या दिवशी ते बऱ्याच महिन्यांनी पोटभर जेवले. मग काय, करवत आली, रंधा आला. सकाळी खोली ताईची, दुपारनंतर भावोजींची, अशी वाटणी झाली आणि आम्ही सगळे खूष.

त्याच सुमाराला ताईच्या गुडघ्यांनी हात टेकले. खाली बसलं की उठवेना. ती म्हणाली, “बाजारातून एक मोठं टेबल आणू या, उभ्यानं कापता येईल.”

“बाजारातलं?” भावोजी म्हणाले. “मी घरात असताना? अगं, मी करून देतो. कापडाचा अख्खा पन्हा मावेल एवढं रुंद आणि तुझ्या कोपराला येईल एवढं उंच. तुला वाकायलाच नको. फक्त आधी माझी कामाची जागा जरा धड होऊ दे.”

हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. ताईचा चेहरा काय उजळला होता! नवऱ्यानं दागिना कबूल करावा तसा. “बघ हं, कोपरापर्यंत,” असं ती मला स्वयंपाकघरात पुन्हा सांगत होती.

आता लाकूड कापायचं तर ते ठेवायला खाली काहीतरी लागतं. सुतार घोड्या वापरतात. चार पाय आणि वर एक आडवा दांडा, अशा दोन घोड्या समोरासमोर उभ्या करायच्या, त्यावर फळी टाकायची आणि कापायची. साधी गोष्ट. सुताराकडच्या घोड्या त्याच्या बापाच्या हातच्या असतील, रंगाचे डाग पडलेल्या, एकीचा पाय दोरीनं बांधलेला. त्याचं पोट त्यावर चाललं होतं.

भावोजींचं कसं चालेल? त्यांनी आधी लोखंडी, मिटणाऱ्या घोड्या आणल्या. हलवून बघितल्या. नापास. मग जाड प्लास्टिकच्या आणल्या. वजन टाकलं की मधे वाकायच्या. नापास. मग सुताराकडून करून घेतल्या, तर त्यांचे पाय पुरेसे फाकलेले नाहीत म्हणाले. सुतार मला रस्त्यात भेटला तेव्हा म्हणाला, “बाई, साहेबांनी तबेला काढलाय का?” शेवटी भावोजींनी स्वतः केल्या. उन्हाळाभर त्यावर होते. आणि खरं बोलायचं तर त्या घोड्या देखण्या झाल्या. पाय दोन्ही बाजूंना बेतानं फाकलेले, सांधे असे की केस आत जाणार नाही. मी मुद्दाम एकीवर उभी राहून नाचून दाखवलं, तरी ती ढिम्म हलली नाही.

उंचीला मात्र त्या गुडघ्याच्या जेमतेम वर होत्या. ते बरोबरच होतं. हातानं करवत चालवायची तर फळीवर गुडघा दाबून धरायचा असतो आणि वरून अंगाचा भार द्यायचा असतो. घोडी उंच झाली तर ते जमत नाही. कापण्यासाठी म्हणून त्या अगदी योग्य होत्या. लाकूड कापण्यासाठी.

आणि ताईनं काय केलं, एके सकाळी त्या दोन घोड्यांवर प्लायचा तक्ता टाकला आणि त्यावर कापड पसरलं. “टेबल होईपर्यंत यावर कापते,” म्हणाली. खाली बसण्यापेक्षा बरं. उभं राहायचं आणि कमरेत वाकून कापायचं.

भावोजींना केवढा आनंद! आपल्या घोड्या बायकोच्या उपयोगी पडल्या म्हणून. त्यांनी तक्त्याच्या कडा घासून गुळगुळीत केल्या, कापड अडकू नये म्हणून. तक्ता सरकू नये म्हणून खालून पट्ट्या मारल्या. एका बाजूला कात्री अडकवायला खाच केली. त्या तात्पुरत्या तक्त्याचं त्यांनी जेवढं कोडकौतुक केलं तेवढं लोक नव्या घराचं करत नाहीत. फक्त त्याची उंची त्यांच्या नजरेत कधी आली नाही.

मी म्हटलं त्यांना. मी गप्प बसणारी नव्हेच. “अहो भावोजी, टेबल होईल तेव्हा होईल, त्या घोड्यांच्या पायाखाली विटा तरी ठेवा.”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी लिफ्टचा दोर सुतळीनं बांधायला सांगितलाय. “विटांवर? तिच्या हातात धारदार कात्री, आजूबाजूला मुली, आणि विटांवर घोडी? एक पाय घसरला की संपलं.”

ताईनं एकदा त्यांना न विचारता ठेवल्या होत्या विटा. संध्याकाळी त्यांनी काढल्या. रागावले नाहीत, जवळ बसून समजावलं. “थोडा धीर धर. मी कायमचंच करून देतोय ना.” दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा वाकून कापायला लागली. मला हे कळलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काळजीपोटी माणूस दुसऱ्याला असा रोज वाकवतो, आणि आपण तिला जपतोय असं त्याला मनापासून वाटत असतं! त्याला बोलायचं तरी काय?

टेबल का होत नव्हतं? कारण टेबलाचं लाकूड चांगलं, जाड. ते हातकरवतीनं नीट कापलं जाणार नाही, त्याला मशीन हवं. गोल पात्याची करवत आली. तिला स्टँड हवा. स्टँड आणला, तो थरथरायचा. दुसरा आणला, तो बसवला तर तोवर आलेल्या ड्रिलच्या स्टँडशी उंची जुळेना. उंची का जुळायला हवी? तर लांब फळी एका मशीनवरून पुढे सरकली की दुसऱ्याच्या डोक्यावर टेकली पाहिजे. भावोजी हे इतकं पटवून सांगायचे की ऐकताना मान डोलायची. घरी आल्यावर डोकं ताळ्यावर यायचं.

मग चाकं. सकाळी क्लास, म्हणजे मशिनं रोज भिंतीला लावायची, दुपारी मधे आणायची. उचलून होणार नाही. खाली चाकांच्या बैठका हव्यात. आणि त्या खोलीची फरशी शटरकडे उतरती, धुतलेलं पाणी बाहेर जावं म्हणून. पहिल्या बैठकीवर करवत ठेवली, ब्रेक लावला, तरी ती हळूहळू शटरच्या दिशेनं निघाली. मी तिथेच होते. म्हटलं, “भावोजी, तिला पण बाहेर पडायचंय.” हसले बिचारे, पण कपाळावर आठ्या होत्याच. चाक थांबतं पण त्याची मान फिरत राहते, म्हणे, म्हणून मशीन डुलतं. रबरी चाकं एका जागी उभी राहून चपटी होतात. कडक चाकं फरशीवर घसरतात. प्रत्येक गोष्टीवर त्यांच्याकडे उत्तर होतं, आणि प्रत्येक उत्तराला एक पावसाळा लागत होता.

मी शेवटी एक टेबल विकत घेतलं. सरळ दुकानात गेले, ताईच्या उंचीची कल्पना होतीच, घेतलं आणि टेम्पोत घालून त्यांच्या दारात उतरवलं. भावोजी बाहेर आले.  तळहात टेबलावर ठेवला आणि हलवून बघितलं. ते हललं. बाजारचं टेबल, हलणारच थोडं! त्यांनी ताईकडे बघितलं. त्या बघण्यात काय होतं कोण जाणे, पण ताई मला म्हणाली, “परत पाठव.”

“ताई, वेड लागलंय का तुला? संध्याकाळी पाठ धरून बसतेस ती कुणासाठी?”

“परत पाठव म्हटलं ना.”

मी टेबल परत पाठवलं आणि त्या घराची पायरी चढणार नाही असं ठणकावून सांगून निघून आले. पुष्कळ दिवस गेलेही नाही. मग तिचाच फोन आला. म्हणाली, “रागावू नकोस. तू त्यांना खुर्चीत बसलेलं बघितलं नाहीस. मी बघितलंय. रात्री उठून मी त्यांचा श्वास चालू आहे का बघायचे. आता दुपारी शटरच्या आतून खटखट ऐकू येते ना, तेव्हा माझा जीव भांड्यात पडतो. ते टेबल घरात आलं असतं तर त्यांनी त्या खोलीत पाऊल टाकलं नसतं. माझ्या पाठीचं काय, दुखते तशी थांबते.”

 ती स्वतः होऊन वाकली होती, डोळे उघडे ठेवून. मला फक्त एवढंच वाटत राहिलं, आजही वाटतं, की तिनं हे माझ्याऐवजी त्यांना सांगायला हवं होतं. ते वाईट नव्हते. सांगितलं असतं तर कळलं असतं त्यांना.

पाठ काही थांबली नाही. आधी पट्टा आला, मग गोळ्या आल्या. डॉक्टरांनी वाकायचं काम बंद करा म्हणून सांगितलं. ताई घरी येऊन म्हणाली, “डॉक्टर म्हणाले, विश्रांती घ्या.” तेवढंच. भावोजी काळजीनं गरम पाण्याची पिशवी भरून द्यायचे, शेकायला बसायचे, आणि म्हणायचे, “टेबल झालं की तुझा निम्मा त्रास जाईल.” क्लासमध्ये मुली कमी झाल्या. तयार कपडे स्वस्त झाले, हेही खरं. पण ताईनंच नव्या मुली घेणं सोडलं होतं. असलेल्या दोघी-तिघींना ती खुर्चीत बसून सांगायची आणि त्या कापायच्या. अवघड काही असलं तर मात्र स्वतः उठायची आणि त्या तक्त्यावर ओणवी व्हायची.

आणि मग एके दिवशी भावोजींचा मला फोन. आवाजात नुसता उत्साह. “मेहुणीबाई, या! सगळं तयार आहे. आज टेबलाला हात घालतोय.”

मी गेले. आणि खरं सांगते, खोली बघून मी थक्क झाले. सगळी मशिनं एका उंचीची, भिंतीशी शिस्तीत उभी. चाकांच्या बैठका त्यांनी स्वतःच्या डोक्यानं केल्या होत्या. पायानं एक दांडी दाबली की मशीन चाकांवर चढायचं, सोडली की चाकं वर आणि मशीन आपल्या पायांवर घट्ट बसायचं. त्यांनी मला एका बोटानं करवत ढकलायला लावली. ती जड करवत उताराच्या फरशीवर पाळण्यासारखी सरकली आणि जिथे सोडली तिथे थांबली. सुतारही बघायला आला होता. तो टोपी काढून म्हणाला, “साहेब, एवढं माझ्या कारखान्यात नाही.” भावोजींचे कान लाल झाले. त्या एका दुपारी मला त्यांचा अजिबात राग आला नाही. लाकूड भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं, चांगलं वाळलेलं, सरळ रेषांचं.

“आता पायांची लांबी तेवढी नक्की करायची,” ते म्हणाले आणि खिशातून टेप काढली. “अगं, ये बाहेर! माप घ्यायचंय.”

ताई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. अंगावर घरातली साडी, कमरेला पट्टा. येऊन खोलीच्या मधोमध उभी राहिली. भावोजी तिच्या बाजूला उकिडवे बसले, टेपचं टोक फरशीला लावलं आणि तिच्या कोपरापर्यंत वर नेलं. मग थांबले. आकडा पुन्हा बघितला. मान हलवली.

“अशी नको,” ते म्हणाले. “सरळ उभी राहा.”

“उभी आहे की.”

“तसं नाही गं. ताठ. खांदे जरा मागे घे. नेहमी उभी राहतेस तशी राहा.”

“अहो,” ताई म्हणाली, “अशीच उभी राहते मी.”

भावोजींनी टेप सोडली नाही, पण मान वर केली. ओळंबा न लावता भिंतीचा बाक सांगणारा माणूस. इतकी वर्षं एका घरात, ताटाला ताट लावून, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी आपल्या बायकोकडे खालून वर बघितलं. कमरेपासून पुढे कललेली, मान खांद्यांत गेलेली, एक हात नकळत मांडीवर टेकवलेला. बघता बघता त्यांचा चेहरा उतरत गेला. त्यांची नजर बाजूला गेली, त्या गुडघाभर उंचीच्या तक्त्याकडे, आणि तिथेच थांबली.  सुतार हळूच शटरबाहेर निघून गेला.

मला वाटायचं, हा क्षण आला की मी त्यांना फाडफाड बोलेन. कितीतरी वाक्यं तयार होती माझ्याकडे. एकही आठवलं नाही. मला त्या म्हाताऱ्या माणसाची दया आली आणि बहिणीची त्याहून जास्त, आणि कुणाकडे बघावं तेच कळेना.

“मला कसं दिसलं नाही?” शेवटी ते एवढंच म्हणाले. तिला नाही, मला नाही, कुणालाच नाही.

ताईनं वाकून, म्हणजे आणखी थोडं वाकून, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “अहो, बरंच आहे की. पाय आखूड लागतील, लाकूड वाचेल.” ती हसलीसुद्धा. ते हसले नाहीत. फरशीवरच बसून राहिले, टेप तशीच हातात धरून.

 मग ताई हळू आवाजात म्हणाली, “घ्या ना माप लवकर. मला फार वेळ उभं राहवत नाही.”